“तीन तासांत फक्त १८ फोटो”: या रिव्ह्यूला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार ताई. मुलीच्या बॅले शूटला तुम्ही दोन स्टार दिलेत. तक्रारी अशा: सांगलीतल्या हरभट रोडच्या फोटोंत आडव्या पट्ट्या, नदीच्या घाटावर पॉइंटवर (म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर) उभं राहू दिलं नाही, उडीचे फोटो तीनच आणि एकूण फोटो १८.

पट्ट्यांची तक्रार शंभर टक्के खरी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दुकानांतल्या साध्या एलईडी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, इलेक्ट्रॉनिक शटर मात्र ओळीओळीने टिपतं. उडीसाठी लावलेला १/१००० सेकंदाचा शटर स्पीड ट्यूबखालीही तसाच राहिला. तिथे मेकॅनिकल शटर, १/१०० आणि स्थिर पोझ हवी होती. चूक आमची. पट्ट्या पडलेले ते चार फोटो पुन्हा काढून देऊ, पैसे घेणार नाही.

घाटाबद्दल मात्र आजही नाहीच म्हणू. पॉइंट शूजचं टोक म्हणजे कापड, कागद आणि खळ यांचे थर. ओल लागली की ते मऊ पडतं, आणि अख्खं वजन त्याच टोकावर असतं. त्यात शूजवरचं साटन गुळगुळीत आणि पायरी शेवाळलेली. आयर्विन पुलावर आपण दीड फुटी प्लायचा तुकडा, खाली रबर मॅट, असं केलं. उतरत्या ओल्या पायरीवर प्लायच सरकतो. (मार्केट यार्डात तिला पोत्यांपासून चार हात लांब ठेवलं ते वेगळ्या कारणाने. गुलाबी साटनवर पडलेली हळद निघत नाही.)

बारा उड्या झाल्यावर थांबवलं. नृत्याच्या हॉलमधली लाकडी जमीन दाबली जाते, रस्ता दाबला जात नाही. सगळा धक्का घोट्याला आणि नडगीला बसतो. सेकंदाला दहा फ्रेम घेतल्या तरी दोन फ्रेममध्ये दशांश सेकंद जातो, तेवढ्यात हवेत ताणलेले पाय मिटायला लागलेले असतात. बारातून तीन फोटो म्हणजे वाईट नाही.

राहिले १८. चारशेच्या आसपास फ्रेम होत्या. पंजा घोट्यातून आत वळलेला, टेकलेल्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला, खांदे कानाशी गेलेले, असे फोटो आम्ही देत नाही. घरच्यांना ते छान वाटतात, तिच्या नृत्याच्या बाई पहिल्या नजरेत बाद करतील. डोक्यातून विजेचा खांब उगवलेलेही बरेच होते. तिथे कॅमेरा दोन पावलं सरकवायला हवा होता, हेही मान्य.

पुढच्या वेळी, ते चार फोटो पुन्हा काढायला, संध्याकाळी ट्यूब लागल्यावर या. रस्त्यासाठी जुनी जोडी आणा, पण आतला तळ मोडलेली नको. तिच्यावर उभं राहिलं तर पाय मुरगळतो. वीस मिनिटं वॉर्म-अप घरीच होऊ दे आणि पॉइंट शूज जागेवर आल्यावरच घाला.