डग्गा कुठे गेला?

होम थिएटर वारलं आणि मागे चार छोटे स्पीकर पोरके झाले. बायकोने ते पिशवीत घालून फाटकापाशी ठेवले. आमच्या इंदूरला कचऱ्याची गाडी सकाळी गाणं वाजवत येते आणि ओला, सुका सगळं वेगवेगळं मागते. हे चौघे कुठल्या डब्यात, यावर बायकोचा आणि गाडीवाल्याचा खल चालला होता. तेवढ्यात मी पिशवी उचलून घरात आणली.

"अहो, पुन्हा?" एवढंच ती म्हणाली. तिच्या 'पुन्हा'त आमचा तीस वर्षांचा संसार मावतो.

बेत साधा होता. दोन स्पीकर टीव्हीच्या बाजूंना, एक आईच्या खुर्चीमागे, एक स्वयंपाकघरात. जुना ॲम्प्लिफायर होताच. त्याचा डावा कान गेलेला, म्हणून चौघांचा भार उजव्यावर. महाराणी रोडवर दुकानदाराने विचारलं, "भिया, मोटा लो के पतला?" मी "बीचवाला" म्हणून पंचवीस मीटर तार घेतली. पुढे कष्ट होते म्हणून वाटेत जास्तीचा जिरावण मसाला घालून पोहेही खाल्ले.

पहिल्या दिवशी मी सगळ्या लाल तारा एकत्र पिळल्या, सगळ्या काळ्या एकत्र. वाजलं! दहा मिनिटं मी घरात राजवाड्यासारखा उभा होतो. मग आवाज थोडा वाढवला आणि टक्! लाल दिवा, सगळं चिडीचूप. ॲम्प्लिफायर उलटा करून बघितला तर पाठीवर बारीक अक्षरांत '४ ते १६ ओम'. ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितका ॲम्प्लिफायरवर भार जास्त. स्पीकर प्रत्येकी ८ ओमचे. दोन शेजारी-शेजारी जोडले की ४, चार जोडले की २. म्हणजे नर्मदेचं पाणी आल्याबरोबर गल्लीतल्या चौघांनी एकदम मोटारी लावाव्यात, तसं. बिचाऱ्याला धाप लागणारच.

दुसऱ्या दिवशी चौघांना एकामागे एक रांगेत जोडलं. ३२ ओम. ॲम्प्लिफायर थंडगार, पण आवाज मच्छरदाणीबाहेरच्या डासाएवढा. हिशेब मांडला: एकटा स्पीकर रुपयाची ताकद घेत असेल, तर इथे प्रत्येकाच्या वाट्याला एक आणा.

तिसऱ्या दिवशी तोड निघाली. दोघांची एक रांग, १६. दुसऱ्या दोघांची दुसरी, १६. मग दोन्ही रांगा शेजारी-शेजारी, पुन्हा ८. प्रत्येकाला चार आणे. खणखणीत आवाज, लाल दिवा नाही, मल्टिमीटरही खूश. मी आईला खुर्चीत बसवून तिच्या आवडीचं भजन लावलं.

तिने डोळे मिटले. मिनिटभराने उघडले.

"डग्गा कुठे गेला रे?"

मी ओम समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असेल. पण डग्ग्याचा घुमारा नाही, तबला एकट्या चाटीवर वाजतोय." देवासला कुमार गंधर्वांना समोर बसून ऐकलेला कान तो, त्याच्यापुढे माझा साडेतीनशेचा मल्टिमीटर काय सांगणार?

मग भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला. स्पीकरच्या जाळ्या उतरवल्या, ॲम्प्लिफायरकडची तार सोडवली आणि तिच्या टोकांना सेल क्षणभर टेकवायचा, असं ठरलं. बायको टॉर्च धरून एकेका स्पीकरच्या पडद्यासमोर. मी टेकवायचो, करकर व्हायची, ती ओरडायची, "बाहेर!"

"बाहेर!"

"बाहेर!"

टीव्हीच्या डावीकडच्या स्पीकरपाशी मात्र, "अहो, हा आत गेला!"

सापडला चोर. तिघे हवा पुढे ढकलत होते, हा एकटा मागे ओढत होता, आणि त्या ओढाताणीत डग्गा बुडत होता. ओम बरोबर असल्यामुळे ॲम्प्लिफायरने तक्रार केली नव्हती. रात्री स्टुलावर चढून, चष्मा खाली टेबलावर ठेवून लाल-काळं करणारा मीच. तारा उलटवल्या आणि भजन पुन्हा लावलं. डग्गा असा घुमला की शोकेसमधल्या कपबशा किणकिणल्या. आईने काही न बोलता मांडीवर ताल धरला.

तेवढ्यात बायकोला माहेरचा फोन आला. ऐकू येईना म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या स्पीकरची तार सरळ उपटली. त्याच्याच रांगेत आईच्या खुर्चीमागचा होता.

"आता हा का रे गप्प झाला?" आईने विचारलं.

मी चष्मा लावून स्टूल शोधायला गेलो.