मी घराकच आसंय

इंग्लंडात लेस्टरला माझ्या शेजारच्या बाई अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याचं सगळं करतात. सरकार त्यांना 'केअरर्स अलाउन्स', म्हणजे घरच्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांचा भत्ता, देतं. 2025-26 मध्ये तो आठवड्याला 83 पौंड 30 पेन्स होता. मुख्य अट अशी, की आठवड्याला किमान 35 तास सेवा करायची आणि कर वगैरे वजा जाता कमाई ठरलेल्या मर्यादेवर (2025-26 मध्ये 196 पौंड) जाऊ द्यायची नाही.

वेंगुर्ल्याला आमच्या घरी हेच काम वहिनी करतात. आई चार वर्षं खाटेवर आहे. पेज भरवणं, पुसून घेणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्रीसुद्धा दोनदा उठून कूस बदलणं. यंदा गणपतीला गेलो तेव्हा पडवीत 'लाडकी बहीण'वरून वाद पेटला होता. 1500 रुपये फुकट वाटून तिजोरी रिकामी केली, बायकांना बसून खायची सवय लागली, वगैरे. बोलणारे सगळे मुंबईचे चाकरमानी, चहा मात्र आतून येत होता. मी वहिनींना विचारलं, दिवसाचे किती तास जातात आईचं करण्यात? त्या हसल्या. "भावजी, मी घराकच आसंय, काम खंय करतंय?"

ब्रिटिश सरकारही 1986 पर्यंत हेच म्हणत होतं. भत्ता सुरू झाला 1976 मध्ये, पण नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला तो नव्हता. ती तशीही घरीच असणार, हा हिशेब! जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईने आईसाठी नोकरी सोडली होती. ती युरोपीय न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा कुठे ही अट गेली.

'लाडकी बहीण'ला माझा विरोध नाही. पण ती योजना वय आणि उत्पन्न बघते, 21 ते 65 आणि वर्षाला अडीच लाखांच्या आत. बाई घरात काय करते, हे विचारत नाही. म्हणून तर पडवीतल्यांना 'फुकट' म्हणायला फावतं. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्यांना महिना 600 रुपये ठरवले आहेत. रक्कम किरकोळ, पण कशासाठी ते स्पष्ट आहे. आपल्याकडे ही गरज जास्तच. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, सिंधुदुर्गात 1036. पुरुष पोटापाठी मुंबईला (आणि लेस्टरला), म्हातारी माणसं सुनांच्या हवाली.

मात्र इथली, ब्रिटनची नियमावली जशीच्या तशी उचलू नये. कमाई मर्यादेच्या एक पौंड वर गेली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. कचेरीच्या हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही आणि मग एकदम हजारो पौंड परत मागणारं पत्र येतं. प्रकरण इतकं चिघळलं, की 2024 मध्ये सरकारला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. वहिनी काजूच्या हंगामात दुपारचे चार तास गर सोलायला कारखान्यात जातात, तेवढा वेळ शेजारची काकू आईजवळ बसते. पावसाळ्यात कमाई शून्य. दर आठवड्याची मर्यादा लावली तर ऐन हंगामात त्या गुन्हेगार ठरायच्या. त्यापेक्षा कमाई बघूच नये. म्हातारं माणूस खरंच खाटेवर आहे का, हे वाडीतल्या आशाताईला, म्हणजे आरोग्यसेविकेला, कागदाशिवाय माहीत असतं.

मी दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. आजवर ते सगळे दादाच्या खात्यात गेले. वहिनींचा खाते क्रमांक माझ्याकडे नाही.