दोन्हीकडे चपटी यूएसबी असलेली केबल लॅपटॉपला लावू नका

घरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: 'गाण्याच्या डब्याचा स्पीकर फाटला? फेकू नका! लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजवा. १) दोन्हीकडे पिन असलेली वायर डब्यात आणि लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घाला. २) नाही जमलं तर दोन्हीकडे यूएसबी असलेली केबल लावा, लॅपटॉप बंद असला तरी चालेल. ३) ब्लूटूथ तर कुठल्याही लॅपटॉपवर वाजतं. ४) आवाज कमी वाटला तर बूस्टर टाका, डबल आवाज.'

काल हा मेसेज परभणीला मावशीच्या फोनवर पोचला. तिचा हरिपाठाचा डबा, म्हणजे गाणी भरून वाजवायचा छोटा स्पीकर, वाजंना, म्हणून तिनं केबलही शोधून ठेवली होती. ती केबल लॅपटॉपला लागायच्या आत हे सांगणं भाग आहे.

सगळ्यात घातक दुसरा मुद्दा. डब्याला पेनड्राइव्हसाठी जी यूएसबीची खाच असते ती आणि लॅपटॉपची खाच एकाच जातीच्या. दोन्ही यजमान. दोन्ही ५ व्होल्ट बाहेर देतात आणि पलीकडे पेनड्राइव्हसारखं काहीतरी लागेल याची वाट बघतात. पेनड्राइव्ह लावला की तो आपल्या बाजूनं डेटाची एक तार १.५ किलोओहमच्या रेझिस्टरनं वर खेचतो, तेव्हा यजमानाला कळतं की कोणीतरी आलंय. यजमानाकडं मात्र त्याच तारा १५ किलोओहमनं खाली धरलेल्या असतात. दोन यजमान जोडले तर तारा वर खेचायला कोणीच नाही. लॅपटॉपला डबा दिसणारच नाही, मग गाणं कुठून जाणार?

जातो तो फक्त करंट. डब्याचे ५ व्होल्ट आणि लॅपटॉपचे ५ व्होल्ट कधीच तंतोतंत सारखे नसतात. ज्याचा दाब जास्त, त्याच्याकडून दुसऱ्याच्या पोटात करंट शिरतो. स्वस्त डब्यांत चार्जरचे ५ व्होल्ट थेट त्या खाचेपर्यंत आणलेले असू शकतात, मध्ये साधा डायोडसुद्धा नसतो. लॅपटॉप बंद असेल तर अजून वाईट, कारण बंद बोर्डात मागच्या दारानं वीज ढकलली जाते. उलटा करंट अडवणारी सोय काही लॅपटॉपांत असते, सगळ्यांत नसते. पोर्ट जळणं हा त्यातला कमी नुकसानीचा प्रकार.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. यूएसबी २.० चं मानक एप्रिल २००० चं आहे. त्याच्या ६.४.४ या कलमात निषिद्ध केबलींची यादीच दिली आहे, आणि दोन्ही टोकांना ए पिन (तीच चपटी) असलेली केबल त्या यादीत आहे. कारण तेच दिलंय: तिच्यामुळं दोन यजमान पोर्ट थेट एकमेकांना जोडले जातात. 'बाजारात मिळते म्हणजे चालतच असेल' म्हणणाऱ्यांनी ही केबल घरात आली कुठून ते आठवावं. उन्हाळ्यात लॅपटॉपखाली ठेवायच्या कूलिंग पॅडसोबत ती येते. पॅडचा पंखा फक्त वीज घेतो, स्वतः देत नाही, म्हणून तिथं ती खपून जाते.

'बंद असला तरी चालेल' हे तर कुठल्याच वायरीनं शक्य नाही. लॅपटॉपच्या स्पीकरला आवाज जातो तो आतल्या ऑडिओ चिपमधून आणि ॲम्प्लिफायरमधून. लॅपटॉप बंद म्हणजे दोन्ही बंद. लाईट गेल्यावर बॅटरीवर वाजेल, पण लॅपटॉप चालू ठेवूनच.

आता पिनची वायर. हेडफोनचं भोक आवाज बाहेर सोडायला असतं. डब्याचा आवाजही बाहेर येतोय, लॅपटॉपचाही. दोन नळांची तोंडं एकमेकांना लावली तर टाकी भरत नाही. शिवाय तिथं पिन घातली की लॅपटॉप स्वतःचे स्पीकर बंद करतो, म्हणजे जे हवं त्याच्या बरोबर उलट होतं. आणि डब्यावर 'ऑक्स' लिहिलेलं भोक असेल तर ते आवाज आत घ्यायचं असतं, तिथून काहीच बाहेर येत नाही. हेडफोनचं चिन्ह असलेलं भोक हवं.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. जुन्या लॅपटॉपला दोन भोकं असतात, त्यातलं गुलाबी रंगाचं किंवा माइकचं चिन्ह असलेलं आवाज आत घेतं. नव्या लॅपटॉपला एकच सामाईक भोक असतं. तिथं साधी तीन कड्यांची पिन घातली तर तिचं लांब बूड माइकचा संपर्क आणि ग्राउंड एकत्र करून टाकतं आणि लॅपटॉप तिला हेडफोनच समजतो. अशा लॅपटॉपला माइकचं भोक असलेलं छोटं यूएसबी साउंड अडॅप्टर लावा, म्हणजे लॅपटॉपचे स्पीकर चालूच राहतात.

वायर जोडली तरी विंडोजला सांगितल्याशिवाय आवाज स्पीकरवर येत नाही. विंडोजचं बटण आणि आर दाबून mmsys.cpl टाइप करा, ते पाठ नसेल तर कंट्रोल पॅनेलमधून 'साउंड' उघडा. 'रेकॉर्डिंग'मध्ये तो माइक निवडा, 'प्रॉपर्टीज', मग 'लिसन'. 'लिसन टू धिस डिव्हाइस'वर टिक करा आणि खाली लॅपटॉपचे स्पीकर निवडा. 'लेव्हल्स'मध्ये माइक बूस्ट शून्यावर आणा. यादीत चुकून लॅपटॉपचा आतला माइक निवडला तर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये जाऊन कर्कश शिट्टी सुरू होईल.

डब्याचा आवाज पाव भागावरून हळूहळू वाढवा. माइकच्या भोकाला मिलिव्होल्टची सवय असते, हेडफोनच्या भोकातून त्याच्या कितीतरी पट येतं. तरीही आवाज फाटत असेल तर डावी आणि उजवी तार प्रत्येकी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून एका ठिकाणी आणा, तिथून ग्राउंडला १ किलोओहम लावा, आणि लॅपटॉपच्या पिनच्या टोकाकडं जाताना मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, + बाजू लॅपटॉपकडं, कारण माइकच्या भोकात स्वतःचा डीसी दाब असतो. पिनची मधली कडी मोकळी सोडा. आवाज बहुतेक वेळा मोनो, म्हणजे डावा-उजवा एकच, मिळेल. हरिपाठाला काही बिघडत नाही. घूंऽऽ असा आवाज आला तर दोन्ही चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा.

ब्लूटूथचा दावा फोनपुरता आणि तोही अर्धाच खरा. दुसऱ्याचा आवाज घेऊन वाजवायची सोय विंडोज ७ मध्ये होती, ८ मध्ये गेली, आणि विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीत, मे २०२० मध्ये परत आली. तरी नुसतं पेअर करून भागत नाही, स्टोअरमधून आवाज घेणारं ॲप टाकून त्यात कनेक्शन उघडावं लागतं. बाजारातला डबा मात्र बहुधा ब्लूटूथवरून आवाज घेणारा असतो, पाठवणारा नाही.

आवाज वाढवणारं बूस्टर ॲप टाकू नका. लॅपटॉपचे स्पीकर जेमतेम दोनेक वॅटचे. डबल आवाजाच्या नादात लाटेचे शेंडे छाटले जातात, शब्द फाटतात, आणि वरचेवर तसंच वाजवलं तर स्पीकरचा पडदाही जातो.

एवढं सगळं करायची वेळ बहुतेक घरांत येतच नाही. डब्यातलं मेमरी कार्ड काढा, कार्ड रीडरनं लॅपटॉपला लावा, व्हीएलसीमध्ये फोल्डर उघडा. गाणी तीच, स्पीकर लॅपटॉपचा. खिशातला एमपी३ प्लेयर असेल तर त्याच्याच केबलनं जोडा, तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. फक्त चार्ज होत असेल तर त्या केबलीत डेटाच्या तारा नाहीत, दुसरी घ्या.

गाणी आतल्या चिपमध्येच भरलेली असतील आणि हेडफोनचं भोकही नसेल, तर डब्याचा स्पीकरच बदला. जुन्याच्या मागं चुंबकावर ओहम आणि वॅट छापलेले असतात, बऱ्याचदा ४ ओहम ३ वॅट. ओहम तेवढाच, वॅट तेवढे किंवा जास्त, आणि घेर मोजून घ्या. दोन तारांचं डाग देण्याचं काम आहे, रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही समोर बसून करून देईल.