व्हाया सिंगापूर

दिवसभर सुतासारखं चालणारं आमचं इंटरनेट रात्री आठ वाजले की दम टाकायचं. मुंबईच्या ऑफिसची मीटिंग त्याच वेळेला. साहेबांचं तोंड उघडं दिसायचं ते पाच मिनिटं उघडंच. (त्यात इंटरनेटचा दोष किती, हे मी तपासलं नाही.)

कस्टमर केअरला फोन लावला. "सर, राऊटर बंद करून चालू करा." केला. "स्पीड टेस्ट करा." केली. १००पैकी ९८! "मग प्रॉब्लेम तुमच्याकडेच आहे, सर." आता ही टेस्ट म्हणजे घरच्या शिकवणीतली परीक्षा. टेस्टचा सर्व्हर त्यांच्याच नेटवर्कात बसलेला, तिथे नापास कोण होणार?

शेवटी भाच्याने ट्रेसरूट, म्हणजे डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड, चालवायला लावली. काळ्या खिडकीत पॅकेटचा (म्हणजे डेटाच्या पुडक्याचा) एकेक थांबा उमटू लागला. नाशिक, मग मुंबई. इथवर ६ मिलिसेकंद. पुढच्या ओळीत एकदम २४०, आणि थांब्याच्या नावात 'एसआयएन'.

"मामा, हे सिंगापूर."

म्हणजे मुंबईत पोचलेलं माझं पॅकेट मुंबईतच जायचं म्हणून समुद्राखालून चारेक हजार किलोमीटर जाणार आणि तेवढंच परत येणार! नाशकातल्या नाशकात द्वारकेहून सीबीएस स्टँडला निघालेल्या रिक्षावाल्याने कसारा घाट उतरून पुन्हा चढावा, तसला द्राविडी प्राणायाम. भाचा म्हणाला, रस्ता बीजीपी ठरवतं (नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत) आणि त्याला किलोमीटर कळत नाहीत, कंपन्यांचे आपसातले करार कळतात. दोन कंपन्या मुंबईत थेट जोडलेल्या नसल्या की भेट तिसरीच्या दारात, मग ते दार कुठे का असेना. शुद्ध भाऊबंदकी! राहायचं एका वाड्यात आणि निरोप धाडायचा मामाच्या गावावरून. त्यात रात्री सगळं गाव सिनेमे बघायला बसतं, मग ती वाटही तुंबते.

"रोज सिंगापूरला जातंय, तर येताना चॉकलेटं तरी आणायची," आई म्हणाली.

भाच्याने व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमार्गे जाणारी खासगी वाट, लावून दिलं. पॅकेट आधी बेंगळुरूला, तिथून मुंबईला. ४० मिलिसेकंद! साहेबांचं तोंड मिटलं.

सगळे पुरावे मेल केले. उत्तर आलं: राऊटर बंद करून चालू करा.

दहाव्या दिवशी ट्रेसरूटमधून सिंगापूर आपोआप गायब. पाठोपाठ फोन. "सर, राऊटर बंद-चालू केल्यावर झालं ना? तक्रार क्लोज करू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आई म्हणाली, "हो म्हण बाबा. नाहीतर परत पाठवतील."