हॉलची किल्ली

माझ्या बहिणीचा मुलगा सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीत त्यानं मला गॅदरिंगचा व्हिडिओ पाठवला. मागची इमारत झाकून टाकणारं स्टेज, एलईडीची भिंत, धूर, मालिकेतली एक नटी, आणि बॅरिकेडच्या अलीकडे मोबाइल उंच धरून उभी असलेली हजारभर मुलं. मी विचारलं, "यात तुझं काम काय होतं रे?" तो म्हणाला, "काम कसलं मावशी? पाचशे रुपये भरले की पास मिळतो. सगळं इव्हेंटवाले करतात."

हाच व्हिडिओ आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला आणि दोन दिवस वाद पेटला. एक बाजू म्हणत होती, बंद करा ही थेरं. निकाल घसरलेत, नोकऱ्या नाहीत आणि यांना डीजे हवाय. दुसरी म्हणत होती, वर्षातून चार दिवस पोरं नाचली तर कुणाचं काय जातं? कुणीतरी नव्या शैक्षणिक धोरणाचा दाखला दिला: आता कला, खेळ, एनएसएस यांनाही क्रेडिट आहेत, तेव्हा गॅदरिंग अभ्यासक्रमातच बसवा. मी तेव्हा काही लिहिलं नाही. गेली बारा वर्षं मी नॉर्वेत, ट्रॉनहाइममध्ये राहते, आणि बाहेर राहणाऱ्यानं घरच्या वादात तोंड घातलं की पहिलं उत्तर काय येतं ते मला माहीत आहे. पण विषय मनातून जाईना, म्हणून आता लिहिते.

ट्रॉनहाइम हे विद्यार्थ्यांचं गाव आहे. दोन लाखांवर वस्ती, त्यात एकट्या एनटीएनयू या विद्यापीठाचे चाळीस हजारांच्या आसपास विद्यार्थी. दर विषम वर्षी ऑक्टोबरमध्ये इथे 'ऊका' असते. ऊका म्हणजे नॉर्वेजियनमध्ये 'आठवडा'. नाव आठवड्याचं असलं तरी कार्यक्रम तीन आठवड्यांहून जास्त चालतो. गाण्याच्या मैफली, व्याख्यानं, वादसभा, विनोदी कार्यक्रम, आणि या सगळ्याच्या मध्यभागी विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून बसवलेला संगीत-नाट्यप्रयोग. त्याचं नाव आधी कुणाला कळू देत नाहीत आणि गावभर अंदाज चालतात. 1917 साली इथल्या विद्यार्थी संघटनेची तिजोरी रिकामी होती आणि तिला स्वतःचं घर बांधायचं होतं, तेव्हा पैसे उभे करायला म्हणून ऊका सुरू झाली. घर 1929 मध्ये उभं राहिलं. नदीवरच्या एल्गेसेटर पुलाच्या टोकाला लाल रंगाची गोल इमारत आहे, तीच. तिला सगळे 'सामफुंडे' म्हणतात, आणि ती विद्यापीठाची नाही, विद्यार्थ्यांची आहे.

ऊका उभी करणारी दीड हजारावर माणसं सगळी बिनपगारी. तिकिटं विकणारी, तंबू ठोकणारी, कलाकारांशी करार करणारी, स्वयंपाक करणारी, संडास धुणारी, सगळी मुलंच. एक ऊका संपली की पुढचीची तयारी लागते.

माझी मुलगी मागच्या खेपेला प्रकाशयोजनेच्या गटात होती. पहाटे तीनला घरी यायची, बोटं काळ्या चिकटपट्टीनं माखलेली. एका रात्री मी तिला डबा द्यायला गेले. कार्यक्रम संपून गेला होता आणि मोठ्या गोल सभागृहात फक्त कामाचे दिवे होते. ती जमिनीवर बसून पहिल्या वर्षाच्या एका उंच मुलाला केबल गुंडाळायला शिकवत होती. तो कोपराला अडकवून आपण दोरी गुंडाळतो तशी गुंडाळत होता. तिनं ती त्याच्या हातून काढून घेतली, पूर्ण सोडली आणि पुन्हा सुरुवात केली. एक वेटोळं सुलट, एक उलट, प्रत्येक वेळी अंगठ्यानं किंचित पीळ. "अशी ठेवली तर उद्या टाकताना गाठ बसत नाही आणि आतल्या तारा तुटत नाहीत," ती म्हणाली. मुलानं केली. चुकली. तिनं पुन्हा सोडली. मी डबा हातात घेऊन दहा मिनिटं उभी होते. घरी स्वतःचं ताट उचलायला कुरकुरणारी माझी मुलगी एका केबलसाठी इतका जीव टाकत होती, कारण उद्या ती केबल तुटली तर बोलणी तिला बसणार होती, दुसऱ्या कुणाला नाही.

याला इथे 'डुग्नाड' म्हणतात. सगळ्यांनी मिळून बिनमोबदला काम उपसायचं आणि शेवटी एकत्र जेवायचं. सोसायटीतली पानं झाडायलाही डुग्नाड, शाळेच्या रंगकामालाही. पहिल्यांदा मला तो शब्द समजावून सांगितला तेव्हा मी लगेच म्हटलं, अहो, ही तर आमची इर्जिक. एकाचं रान नांगरायला गावातले सगळे नांगर यायचे आणि दुपारी बांधावर जेवण. माझ्या आजोबांच्या वेळेपर्यंत ती होती. ही रीत आपल्याकडे परदेशातून आणावी लागणार नाही.

आणि गॅदरिंगही तसंच असायचं. मी 1996 च्या सुमाराला अशाच एका तालुक्याच्या कॉलेजात शिकले. क्रीडा सप्ताह, मग साडी डे, शेलापागोटे, भित्तिपत्रक, एकांकिका, बक्षीस समारंभ. खो-खोचं मैदान आम्हीच फक्कीनं आखायचो आणि पंचांना सरबतही आम्हीच द्यायचो. माझ्याकडे व्याख्यानं होती. मी एका निवृत्त शिक्षकांना लोककलांवर बोलायला बोलावलं. चार वाजता हॉलमध्ये अकरा जण, कारण त्याच वेळी मैदानावर कबड्डीची फायनल लागलेली. शाल-श्रीफळ हातात घेऊन मी रडायच्या बेतात होते. सर उठले, अकरा जणांना पुढच्या दोन बाकांवर बसवलं आणि सव्वा तास बोलले. नंतर मला एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी खेळाचं वेळापत्रक आधी बघ." पुढच्या वर्षी मी बघितलं आणि हॉल भरला. ही चूक माझ्या हातून व्हायला मला कुणीतरी हॉलची किल्ली दिली होती, एवढं मात्र खरं.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही बाजू मला चुकीच्या जागी भांडताना दिसतात. गॅदरिंग असावं की नसावं, डीजे लागावा की नाही, हे प्रश्न नंतरचे. आधी विचारायला हवं, ते करतं कोण? पाचशे रुपये भरून बॅरिकेडमागे उभा राहिलेला मुलगा प्रेक्षक आहे. प्रेक्षक व्हायला कॉलेज कशाला हवं? ते त्याला तालुक्याच्या मैदानावरच्या कुठल्याही कार्यक्रमात होता येतं.

आता इथलं सगळंच उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणणार नाही, कारण इथल्या मुलांच्या हाती जे आहे ते आपल्या मुलांच्या हाती नाही. ते म्हणजे वेळ. नॉर्वेजियन मुलाला सरकारी विद्यापीठात शिक्षण शुल्क नाही. राहण्या-खाण्यासाठी सरकारी शिक्षण निधीचं कर्ज मिळतं आणि घराबाहेर राहून परीक्षा पास झालं की त्यातला मोठा हिस्सा अनुदान होतो. ऊकेसाठी एखादं सत्र मागे पडलं तर आभाळ कोसळत नाही. माझा भाचा रोज सव्वा तास एसटीनं येतो-जातो, शेवटची गाडी साडेसहाला, आणि त्याच्या फीसाठी ताईनं सोसायटीचं कर्ज काढलंय. त्याला 'पहाटे तीनपर्यंत केबल गुंडाळ' असं सांगण्याचा मला काय अधिकार? हे इथेही दिसतं. 2023 च्या शरद सत्रापासून नॉर्वेनं युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावलं. त्यानंतर आलेली आपली मुलं मला भेटतात, ती तास संपला की कामावर पळतात. सामफुंडेच्या दारावरून रोज जातात, आत गेलेली नसतात. त्यात भाषेची अडचण. मुख्य प्रयोग नॉर्वेजियनमध्ये असतो आणि त्यातले विनोद मला बारा वर्षांनीही निम्मेच कळतात.

दारूचंही सांगितलं पाहिजे. सामफुंडेचा मोठा खर्च बिअरच्या विक्रीवर निघतो. मला ते आवडत नाही आणि त्याची भलामण मी करणार नाही.

पण एक गोष्ट इथून नेता आली तर मी ती आधी नेईन. माझी मुलगी पहाटे तीनला एल्गेसेटर पूल ओलांडून एकटी चालत येते आणि मी झोपलेली असते. माझ्या कॉलेजात एकांकिकेची तालीम सातनंतर गेली की आम्हा मुलींना उठावं लागायचं, आणि बाईचं काम दोन वर्षं एका मुलानं केलं. आजही कितीतरी ठिकाणी होस्टेलचं दार मुलींसाठी आधी बंद होतं. नाटकात, मैदानात, व्यवस्थापनात मुली कमी का, याची चर्चा आपण आवडीनिवडीपासून सुरू करतो. ती दाराच्या वेळेपासून सुरू करायला हवी.

इथे दुसराही एक सोहळा आहे, मला तो ऊकेहून जवळचा वाटतो. 1990 पासून दर दोन वर्षांनी 'इस्फिट' नावाचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी महोत्सव भरतो. शंभराहून जास्त देशांतली मुलं येतात, दिवसा गटचर्चा आणि व्याख्यानं, रात्री नाच-गाणी, आणि राहायला लोकांच्या घरी. 1999 पासून इथे विद्यार्थ्यांतर्फे शांतता पुरस्कारही देतात. 2001 मध्ये तो ब्रह्मदेशातल्या विद्यार्थी संघटनेला आणि तिचा नेता मिन को नाइंग याला मिळून दिला. 1988 च्या उठावातला हा तरुण तेव्हा बारा वर्षं तुरुंगात होता. कुणाला पुरस्कार द्यायचा हे ठरवायला मुलं आधी वाचतात, भांडतात, मत देतात. व्याख्यानमालेला असा काही निर्णय जोडलेला असला की मागच्या बाकावरचाही कान देतो.

हे आपल्या रक्तात नाही असं कुणी म्हणू नये. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 पासूनची, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं सुरू झालेली. मुंबईत आयआयटीचा मूड इंडिगो हा महोत्सव मुलंच चालवतात. आणि पुरुषोत्तम करंडक बघा. कॉलेजांमधली ही एकांकिका स्पर्धा पुण्याची महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून घेते. भरत नाट्य मंदिराबाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' असं ओरडणारी मुलं आत जाऊन जे करतात ते विकत घेतलेलं नसतं. 2022 मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून मानाचा करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा केवढं वादळ उठलं! मुलांचा हिरमोड झाला, दोन्ही बाजूंनी जुनेजाणते बोलले. मला इथे बसून तो वाद वाचताना बरं वाटलं. मुलांच्या कामाला लोक इतकं गंभीरपणे घेतात, म्हणून तर भांडतात. एलईडीच्या भिंतीवर असा वाद कधी होईल का?

क्रेडिटबद्दल माझं मन साशंक आहे. त्यामुळे वेळापत्रकात दोन तास मोकळे होणार असतील तर जरूर द्यावेत. पण गुणांसाठी केलेल्या नाटकात हजेरीपटाची भीती शिरते, आणि प्राध्यापकांना आणखी एक रकाना भरावा लागतो. माझ्या मुलीला त्या केबलबद्दल एकही गुण मिळाला नाही.

विद्यार्थी निवडणुकांचंही मला वेगळं वाटतं. 1994 च्या कायद्यानं महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद झाल्या, 2016 च्या कायद्यात त्यांची तरतूद परत आली, आणि त्या व्हाव्यात की नको यावर आपण अजून बोलतोच आहोत. हाणामारीची भीती खोटी नाही, मी ती पाहिलेली आहे. पण ज्या मुलांना चार दिवसांच्या कार्यक्रमाचा जमाखर्च लिहू दिला नाही, त्यांच्याकडून जबाबदार मतदानाची अपेक्षा कशी करायची? प्राचार्यांनी पहिल्या वर्षी एक लाख नको, दहा हजार रुपये मुलांच्या हाती द्यावेत. पावत्या मागाव्यात. घोळ झाला तर नोटीस बोर्डावर लावावा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा द्यावेत.

हे सगळं मी भाच्याला फोनवर बोलले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, आमच्याकडे हॉलची किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई पाचला जातो."

परवा त्यानं एका अर्जाचा फोटो पाठवला. पाच जणांच्या सह्या, त्यात दोन मुलींच्या. मार्चमध्ये दोन दिवस हॉल द्यावा, एक एकांकिका, एक व्याख्यान, आणि बाहेर मैदानावर खो-खोचे सामने. शेवटच्या एसटीच्या आत संपेल अशी वेळ आखलेली. मागच्या पानावर खर्च लिहिलाय: फक्की, हार, माइकचं भाडं, चहा 340 रुपये. व्याख्यान आणि खो-खोची फायनल एकाच वेळी येत होती, तेवढं मी त्याला बदलायला सांगितलं. संध्याकाळी त्यानं माझ्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि हातातली माइकची वायर कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाला, "ताई, ते सुलट-उलट पुन्हा दाखव की."