बेटावर पात्रांव कसं व्हावं

पालकहो, मुलात नेतृत्वगुण यावेत, तो पुढे पात्रांव, म्हणजे सगळ्यांचा साहेब, व्हावा म्हणून तुम्ही मे महिन्यात त्याला शिबिराला घालता. तिथे त्याला दोरीच्या गाठी शिकवतात, डोळ्यांवर पट्टी बांधून मित्राच्या अंगावर विश्वासाने पडायला लावतात आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र देतात. गोव्याच्या राजकारणात जो कुणाच्या अंगावर विश्वासाने पडला त्याचं पुढे काय झालं, हे तुम्हाला मी सांगायला नको. फी वाचवा. पोराला बेटावर सोडा.

बेट मात्र पारखून घ्या. आपल्या गोव्यातलं चोडण नको, दिवाडी नको. फेरीबोट येत राहते, आणि जिथून रात्री जेवायला घरी जाता येतं तिथे हुकूमशाही धरत नाही. दिवाडीला तर आयती संधी चालून आली होती. हद्दीवरून दोन वाड्यांचं वाजलं, पोर्तुगीज सरकारने सीमेवर बावटे रोवले, लोकांनी ते दगड मारून पाडले. एवढी चांगली सुरुवात! पुढे काय केलं? दर ऑगस्टात बोंदेरांचा, म्हणजे बावट्यांचाच, उत्सव. पोरं बांबूच्या नळीतून हिरवी फळं एकमेकांवर उडवतात आणि सगळे हसतात. एका होतकरू यादवीचं पार मातेरं झालं.

तेव्हा बेट पुस्तकातलंच घ्यावं. विल्यम गोल्डिंग यांचं ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’, 1954 सालचं, या विषयातलं प्रमाण पाठ्यपुस्तक आहे. लेखक पेशाने शाळामास्तर, त्यामुळे मुलांविषयी त्यांना कसलाच भ्रम नव्हता. विमान पडतं, मोठं माणूस एकही उरत नाही, आणि साधारण सहा ते बारा वर्षांचे इंग्रज मुलगे बेटावर मोकळे सुटतात. सुटल्यावर पहिली गोष्ट कुठली, तर निवडणूक.

जॅक नावाच्या मुलाचा दावा असा: मी शाळेच्या गायकवृंदाचा प्रमुख आहे आणि मला वरचा सूर लावता येतो, म्हणून मीच नेता. हसू नका. आपल्याकडे आजोबा आमदार होते एवढ्यावर तिकीट मागतात. ह्याला निदान सूर तरी लागत होता. तरी तो पडतो, कारण राल्फच्या हातात शंख असतो. हा शंख ओळखला चष्मेवाल्या, दमेकरी पिगीने, कसा फुंकायचा ते सांगितलं पिगीने, फुंकला राल्फने आणि निवडून आला राल्फ. तुमच्या मुलाला चष्मा असेल, दमा असेल आणि वर डोकंही असेल, तर त्याला वेळेवर सांगून टाका, की बाबा, तू जाहीरनामा लिही.

पडल्यावर तोंड पाडून बसू नये. राल्फ भला माणूस, त्याने गायकांची टोळी जॅककडेच राहू दिली. आपल्याकडे ह्याला महामंडळ देणं म्हणतात. जॅकने टोळीचे शिकारी केले, म्हणजे अन्नपुरवठा आणि गृह ही दोन्ही खाती एका हातात आली, तीही भाल्यांसकट. राल्फ तेव्हा झोपड्या बांधत होता. पहिल्या झोपडीला सगळे आले, दुसरीला थोडे, तिसरीला तो आणि सायमन असे दोघंच, आणि ती तिसरी सगळ्यांत डळमळीत. ग्रामसभेत गटार उपसायला ज्यांनी ज्यांनी हात वर केले ते प्रत्यक्ष गटारावर किती दिसले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही झोपडी वेगळी समजावायला नको. तुमच्या मुलाने झोपड्यांच्या फंदात पडू नये. छप्पर दिलं की लोक गळतीची तक्रार घेऊन येतात. डुकराचं मांस वाढलं की बोटं चाटत परत येतात.

नावांची यादीही करू देऊ नये. पिगी पहिल्यापासून यादी करा म्हणून मागे लागतो, त्याला कुणी भीक घालत नाही. पहिल्या जाळाच्या वेळी रान पेटतं, आणि चेहऱ्यावर जांभळा डाग असलेला एक लहान मुलगा त्यानंतर कुणालाच दिसत नाही. यादी नाही, म्हणून आकडाही चुकत नाही. प्रशासनात ह्याहून स्वच्छ उपाय मला ठाऊक नाही.

भीतीचं खातं तेवढं स्वतःकडे ठेवा. बेटावर जनावर आहे अशी आवई उठते. डोंगरावर खरं तर पॅराशूटला लटकलेला एक मेलेला सैनिक असतो. नवखा पुढारी वर जाऊन बघून येईल आणि खाली येऊन खरं सांगेल. एक मुलगा नेमकं तेच करायला गेला, आणि खाली नाचणाऱ्या पोरांनी अंधारात त्यालाच जनावर समजून मारला. जॅकने जनावराला डुकराचं मुंडकं वाहिलं. आपण राखणदाराला रोट देतो, पण तो राखण करतो म्हणून. इथे उलटा व्यवहार आहे. जनावर आहे तोवर शिकारी लागतात. ते मारलं, तर भाले काय कपडे वाळत घालायला?

आता पक्षांतर. इथे आपण गोंयकार जगाला शिकवणी देऊ शकतो, पण गोल्डिंगमास्तरांचा वर्गही चुकवू नये. जॅक भर सभेत विचारतो, राल्फ नेता नको असं कुणाकुणाला वाटतं? एकही हात वर होत नाही. तो रडत निघून जातो. आणि मग? जाळासाठी लाकडं गोळा करायच्या गडबडीत मोठी पोरं हळूच त्याच्याकडे सरकतात. मत उजेडात मागू नये, हा धडा.

ज्यूल व्हर्नच्या ‘दोन वर्षांची सुट्टी’ ह्या 1888 च्या कादंबरीत हे फार बाळबोधपणे हाताळलंय. ऑकलंडहून निघालेल्या जहाजावरचे 15 मुलगे बेटाला लागतात आणि चक्क एकेका वर्षासाठी नेता निवडतात. (मोको हा जहाजावरचा पोऱ्या. तो काळा, म्हणून त्याला मत नाही. लेखकाच्या काळाचं हे प्रमाणपत्र त्यांच्या आदर्श लोकशाहीला चिकटलेलंच आहे.) डोनिफनला ब्रियांचं नेतृत्व पटत नाही, म्हणून तो तीन साथीदार घेऊन सगळ्यांना सांगून, उजेडी, बेटाच्या दुसऱ्या टोकाला जातो. चौघं! पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे चौघंही अपात्र, कारण वाचायला दोन तृतीयांश लागतात. 15 चे दोन तृतीयांश म्हणजे 10. मोकोला वगळून 14 धरले तरी 10 च लागतात. 2019 च्या जुलैत आपल्याकडे काँग्रेसच्या 15 आमदारांपैकी नेमके 10 भाजपात गेले. गणित कच्चं असलेल्याने बंड करूच नये. बरं, डोनिफन नंतर परततोही. ब्रियां त्याला जग्वारच्या तावडीतून सोडवतो म्हणून, आणि एकही खातं न मागता. मुलांच्या हाती असली पुस्तकं कोण देतं कळत नाही.

शपथेचंही पाहून घ्या. शंख ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, असा बेटावरचा नियम होता. शंख फुटेपर्यंत तो होता, एवढंच. 2022 च्या जानेवारीत काँग्रेसचे उमेदवार पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष सोडणार नाही म्हणून शपथ घेऊन आले. सप्टेंबरात 11 पैकी 8 गेले. त्यांच्यातल्या एका माजी मुख्यमंत्र्यांनी तर देवाला विचारूनच निर्णय घेतल्याचं सांगितलं. जॅकला हे सुचलं नाही. लहान होता.

ज्यांना बेट परवडत नाही त्यांनी पोराला वाड्यावरच्या नरकासुराचा पुतळा बांधायला लावावं. दिवाळीच्या आधी बघा: बारा-तेरा वर्षांची दहा पोरं, एक पावतीपुस्तक. नरकासुर बांधतो कोण, गवत भरतो कोण, मुखवट्याला रंग देतो कोण, ह्याला काडीचं महत्त्व नाही. पावतीपुस्तक कुणाच्या काखेत, एवढंच बघायचं. पुस्तकवाला पोरगा खळीला हात लावत नाही, तो दुकानं फिरतो, आणि आमदाराच्या दारात तोच पुढे असतो. तिसऱ्या दिवशी जमाखर्चावरून फाटतं. चौथ्या दिवशी वाड्यावर दुसरा नरकासुर उभा राहतो, पहिल्याहून हातभर उंच, आणि आमदारबाब दोघांनाही सारखीच वर्गणी देतात. पहाटे नरकासुर मारायला कृष्ण लागतो. त्या कामाला सगळ्यांत धाकट्या, झोपेने डोळे मिटत आलेल्या पोराला मुकुट घालून उभं करतात. कृष्ण व्हायला भांडण झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पुढची पायरी चष्म्याची. शिकाऱ्यांनी रात्री राल्फच्या झोपडीवर धाड घातली तेव्हा पिगीला वाटलं, शंख न्यायला आले. शंख जिथल्या तिथे राहिला. नेला तो पिगीचा चष्मा, कारण जाळ त्याच्या भिंगाने पेटत होता. सभागृह, घटना, अध्यक्षाची खुर्ची हे सगळं विरोधकांकडे खुशाल राहू द्यावं, काडेपेटी आपल्या खिशात हवी. (पिगीला लांबचं दिसत नव्हतं, म्हणजे त्याचं भिंग अंतर्गोल, त्याने जाळ पेटूच शकत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. मास्तर इंग्रजीचे होते. पण जी वस्तू मुळात पेटवूच शकत नाही तिच्यावर अख्खं राज्य चालतं, ही चूक मला फारशी चूक वाटत नाही.)

एका वाईट उदाहरणापासून मात्र मुलांना जपा. 1965 मध्ये टोंगामधली सहा शाळकरी मुलं दुसऱ्याची होडी घेऊन निघाली आणि ‘आता’ नावाच्या ओसाड बेटाला लागली. ही कादंबरी नाही, घडलेली गोष्ट. पंधरा महिने राहिली. त्यांनी काय केलं? दोघादोघांच्या पाळ्या लावल्या: बाग, स्वयंपाक, पहारा. जाळ विझू दिला नाही. भांडण झालं की भांडणाऱ्यांनी डोकं निवेपर्यंत लांब जाऊन बसायचं. एकाचा पाय मोडला तो त्यांनी बांधला, आणि तो धड जुळला. 1966 च्या सप्टेंबरात पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाने त्यांना परत आणलं, आणि परतल्यावर त्यांना तुरुंगात टाकलं, होडी चोरल्याबद्दल. पाळीपाळीने भांडी घासण्याचं फळ हे असं. कुणी पात्रांव नाही, कुणी फुटला नाही, सभात्याग नाही. असल्या पोरांवर कोण अभ्यासक्रम लावणार?

शेवटची परीक्षा नौदलाचा अधिकारी घेतो. बेट जळतंय, राल्फ जीव घेऊन किनाऱ्यावर येऊन पडलाय, मागे भाले घेतलेली टोळी. अधिकारी विचारतो, मेलं वगैरे कुणी नाही ना? दोनच, असं उत्तर मिळतं. डागवाला त्यात नाहीच. मग तो विचारतो, इथला प्रमुख कोण? राल्फ मोठ्याने म्हणतो, मी. त्याच क्षणी लाल केसांचा एक मुलगा, डोक्यावर काळ्या टोपीची लक्तरं, कमरेला त्या चष्म्याचे अवशेष, पुढे यायला निघतो, विचार बदलतो आणि जागीच उभा राहतो.

हे न टाकलेलं पाऊल घरी घोटून घ्या. वाड्यावर कुणाची काच फुटली की पोरांना ओळीत उभं करा आणि कुणी फोडली ते विचारू नका. तुमचा कॅप्टन कोण, एवढंच विचारा. जो छाती काढून ‘मी’ म्हणेल त्याला सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसवा. जो दुसऱ्याच्या खांद्याआड आपल्या चपला निरखत उभा असेल, त्याच्यासाठी आतापासून वॉर्ड बघायला लागा.