थर्मामीटर कोठे टांगावा?

आपल्या हाती एखाद्या कारागृहाचा कारभार आला असेल आणि उन्हाळा तोंडावर असेल, तर सर्वप्रथम थर्मामीटरची जागा निश्चित करावी. अधीक्षकांच्या कार्यालयाबाहेरची, सावलीतली भिंत उत्तम. वरच्या मजल्यावरील, छपराला लागून असलेल्या कोठड्यांत तो कदापि नेऊ नये, कारण तापलेली हवा वर चढते आणि हे उपकरण ते निमूटपणे दाखवून देते. नोंद सकाळी लवकर उरकावी. रात्री तर मुळीच करू नये. दिवसभर ऊन पिऊन बसलेले काँक्रीट आणि पोलाद रात्रभर ती ऊब कोठडीत परत सोडत असते, त्यामुळे शरीर निवायला हवे नेमके त्याच वेळी भिंती शेगडीसारख्या असतात, ही माहिती कागदावर आल्याने कोणाचे भले झाल्याचे ऐकिवात नाही.

त्यानंतर पंखे वाटावेत. पंखा दिसतो, फिरतो, आवाज करतो आणि छायाचित्रात शोभून दिसतो. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण 35 अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून अधिक तापली की पंखा ती गरम हवाच अंगावर लोटतो आणि घाम वाळेल तेवढाच काय तो गारवा मिळतो. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. शिवाय मनोविकारांवरील कित्येक औषधांमुळे घाम कमी येतो, रक्तदाबावरील काही गोळ्या शरीरातील पाणी काढून टाकतात, आणि ही औषधे घेणारे लोक कारागृहांत पुष्कळ असतात. त्यांना थंड जागी ठेवायचे तर आधी त्यांची यादी करावी लागेल, आणि यादी हा पुढे पुरावा ठरतो. सबब यादी करू नये.

इतके करूनही कोणी दगावल्यास घाबरून जाण्याचे कारण नाही. उष्मा सहसा एकट्याने मारत नाही. हृदय किंवा मूत्रपिंड आधी कोसळते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर त्या अवयवाचे नाव घालता येते. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या कारागृह विभागाने 2012 नंतर आपल्याकडे उष्म्याने एकही मृत्यू झाला नसल्याचे अनेक वर्षे सांगितले. पुढे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने असा अंदाज मांडला की, 2001 ते 2019 या काळात तेथील वातानुकूलन नसलेल्या कारागृहांत उन्हाळ्याच्या महिन्यांत झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे 13 टक्के, म्हणजे 271 मृत्यू, अतिउष्णतेशी जोडता येतात; वातानुकूलित कारागृहांत असा संबंध आढळला नाही. वाचून अस्वस्थ वाटल्यास एवढेच ध्यानात घ्यावे की दाखल्यांवर संशोधकांची सही लागत नाही.

वातानुकूलनाचा विषय कोणी काढलाच, तर खर्चाचा आकडा मोठा सांगावा. टेक्सासमधील वॉलेस पॅक कारागृहातील कैद्यांनी उष्म्याविरुद्ध केलेल्या दाव्यात सरकारने या कामाला 2 कोटी डॉलरहून अधिक खर्च येईल असे सांगितले होते. 2018 मध्ये तडजोड झाल्यावर ते काम सुमारे 40 लाखांत झाले, आणि ते करावे लागू नये म्हणून लढण्यात सुमारे 70 लाख डॉलर गेले. थंड हवेपेक्षा तिला केलेला विरोध महाग पडला हे खरे. पण वकिलांची फी ही चैन मानली जात नाही, कैद्याला आलेली झोप मात्र मानली जाते.

डुकरांच्या बाबतीत तेवढी सावधगिरी बाळगावी. 2013 मध्ये टेक्सासच्या याच कारागृह विभागाने आपण पाळलेल्या डुकरांसाठी तापमान नियंत्रित ठेवणारे निवारे घेण्यास सुमारे साडेसात लाख डॉलर मंजूर केले. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून त्याला उष्मा बाधतो, हे कारण शास्त्रशुद्ध आहे. (कैद्याला घाम येतो, हाच त्याचा दोष.) परंतु ही बातमी फुटली आणि जे कधी घडू नये ते घडले: पहारेकऱ्यांच्या संघटनेने उष्म्याच्या प्रश्नावर कैद्यांची बाजू उचलून धरली.

आपल्या कारकिर्दीत असे होऊ द्यायचे नसेल, तर गजांच्या दोन्ही बाजूंना एकच हवा असते ही गोष्ट चर्चेत येऊ देऊ नये. पहारेकऱ्याच्या अंगावर तर जाड संरक्षक जाकीट आणि पायांत बूट असतात. बारा तासांच्या पाळीत त्याने किती जिने चढावेत यालाही मर्यादा नसते. सुदैवाने यावर कॅलिफोर्नियाने मार्ग दाखवला आहे. तेथे 2024 मध्ये बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांसाठी उष्म्याचे नियम लागू झाले: तापमान 82 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास 28 अंश सेल्सिअस झाले की पिण्याचे पाणी आणि विश्रांतीसाठी थंड जागा देणे मालकाला बंधनकारक. त्यातून कारागृहे खर्चाच्या कारणास्तव वगळण्यात आली. गोदामात घामाघूम होणारा माणूस कामगार ठरतो, तुरुंगाच्या व्हरांड्यात घामाघूम होणारा ठरत नाही.

न्यायालयाचीही फारशी धास्ती घेऊ नये. मार्च 2025 मध्ये एका संघीय न्यायाधीशाने टेक्सासच्या कारागृहांतील उष्णता उघडउघड घटनाबाह्य असल्याचे म्हटले, आणि त्याच निकालात वातानुकूलन तातडीने बसवण्याचा आदेश देण्याचे नाकारले. घटना आणि उन्हाळा यांची वेळापत्रके वेगळी असतात.

शेवटी एक थंड खोली मात्र अवश्य ठेवावी. उष्म्याने कासावीस झालेल्या कोणत्याही कैद्याला मागताक्षणी तेथे नेण्यात येईल, असा फलक दारावर लावावा. नेण्यासाठी सोबत पहारेकरी लागतो, आणि निम्मे पहारेकरी गेल्या दोन उन्हाळ्यांत नोकरी सोडून गेलेले असतील, तर उरलेल्यांना कोठड्यांपासून हलता येत नाही. त्यामुळे खोलीत गर्दी होत नाही, ती स्वच्छ राहते आणि चांगली थंडगारही राहते. पाहणीस येणाऱ्या पाहुण्यांना बसवण्यासाठी संपूर्ण इमारतीत तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी सापडणार नाही.